बसच्या वेगाची कुळकथा

१९९९ च्या उन्हाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या माडीवर बसून माझ्या भाच्याने, ज्या संगणकात महाविद्यालयाच्या प्रकल्पाचे दोन महिन्यांचे काम साठविले होते, त्याच संगणकाच्या बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झवरून ८३ वर नेला. खेळातील चित्रे अधिक सुरळीत हलावीत एवढाच त्याचा हेतू होता, आणि चौथ्या दिवशी डिस्कवरील सारे दप्तर वाचण्यापलीकडे गेले. त्या मुलाचे उतरलेले तोंड मी अजून विसरलो नाही. बसचा वेग आणि पडद्यावरचे चित्र यांचे नाते नेमके कोणते, आणि त्या दोघांच्या व्यवहारात डिस्कचा बळी का जावा, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो आहे.

आरंभ शब्दापासून करावा. ‘ऑम्निबस’ हे लॅटिन भाषेतील रूप, अर्थ ‘सर्वांसाठी’. त्यातील ‘बस’ हा केवळ चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय असून आपल्या ‘सर्वेभ्यः’ मधील ‘भ्यः’ शी तो सगोत्र आहे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये सर्व उतारूंना खुल्या असलेल्या घोडागाडीला हे नाव पडले, पुढे विजेच्या कारखान्यांत अनेक मंडलांना एकाच ठिकाणाहून वीज देणाऱ्या धातूच्या पट्टीला ‘बसबार’ म्हणू लागले, आणि संगणकाच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या सामाईक तारांच्या वाटेलाही तेच नाव लाभले.

१९८१ साली आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यात १४.३१८ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक होता. त्याच्या गतीला चाराने भागले की अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीला लागणारी ३.५८ ची वारंवारता मिळे, आणि तिनाने भागले की प्रोसेसरची, व त्याबरोबर बसचीही, ४.७७ ची गती मिळे. म्हणजे बसच्या वेगाचा पहिला आकडाच मुळी चित्राच्या सोयीने ठरला, ही गोष्ट मला या साऱ्या कुळकथेत अतिशय अर्थपूर्ण वाटते.

१९८४ च्या ‘एटी’ संगणकात बस सोळा बिटांची झाली, गती आधी ६ व नंतर ८ झाली. आणि १९८६ साली ३८६ प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झने धावू लागला तरी बसला जोडलेली जुनी कार्डे निकामी होऊ नयेत म्हणून बस ८ च्या आसपासच रोखून धरण्याचा शिरस्ता पडला. प्रोसेसर आणि बस येथे विभक्त झाले. पुढे ३३ मेगाहर्ट्झच्या यंत्रांत बायोसमधील भाजक, म्हणजे प्रोसेसरच्या गतीला ज्याने भागून बसची गती ठरे तो आकडा, चाराऐवजी तीन केला की बस ८.३३ वरून ११.१ वर जाई, आणि त्याचे फळ डोळ्यांना दिसे. कारण त्या काळच्या साध्या ग्राफिक्स कार्डांत चित्र रचण्याची बुद्धी नव्हती, ३२० बाय २०० ठिपक्यांच्या २५६ रंगी चित्राचे ६४,००० बाइट प्रोसेसरला दर खेपेस बसवरूनच वाहावे लागत, आणि सेकंदाला ३५ चित्रे म्हटली तर हा बोजा साडेबावीस लाख बाइटांच्या घरात जाई. कागदावर बसची क्षमता ऐंशी लाखांची असली तरी कार्डाच्या दिरंगाईने ती प्रत्यक्षात पुष्कळच घटे. जेथे बस हाच अडसर होता तेथे तिचा वेग वाढविणे हा रास्त उपाय होता.

१९९२ साली इंटेलने पी.सी.आय. बस आणली, ३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला १३३ मेगाबाइट. १९९७ मध्ये ६६ मेगाहर्ट्झची ए.जी.पी. आली आणि चित्राला सर्वांपासून वेगळी, स्वतःची वाट मिळाली. ए.जी.पी.च्या व पुढे पी.सी.आय. एक्सप्रेसच्या आखणीत अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. त्या विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा १८९० च्या कलाभवनातून वाढली, आणि कलाभवन स्थापणारे सयाजीराव गायकवाड जन्मले ते आमच्याच नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे गावी. हा धागा येथे नोंदविताना मला अभिमान वाटतो.

१९९८ च्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरचा गुणक साडेचारावर कुलूपबंद होता; प्रोसेसरची मुख्य बस, जिच्या गतीला या गुणकाने गुणून प्रोसेसरची गती ठरे, ६६ वरून १०० केली की ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ होत, आणि ४४०बीएक्स चिपसेटच्या भाजकांमुळे ए.जी.पी. ६६ वर व पी.सी.आय. ३३ वर, आपापल्या हद्दीतच राहत. परंतु भाच्याच्या याच जातीच्या प्रोसेसरने १०० ची गती सोसली नाही, म्हणून त्याने ८३ चा मधला मार्ग धरला; त्यात पी.सी.आय.चा भाजक दोनच राहिला, ती ४१.५ वर गेली, आणि डिस्कचा कारभार पाहणारा नियंत्रक त्याच बसवर बसलेला असल्याने लिहिताना अक्षरे बिघडत गेली. ए.जी.पी.ही ६६ ची ८३ झाली होती. पण चित्राला जो थोडा वेग आला तो मुख्यतः प्रोसेसर ३७५ वर गेल्यामुळे. तोवर ग्राफिक्स कार्डांना स्वतःची १६-३२ मेगाबाइट स्मृती आली होती, आणि रिव्हा टीएनटी २ सारख्या कार्डात ती सेकंदाला सुमारे २.४ गिगाबाइट देत असताना ए.जी.पी. दुप्पट रीतीनेही ५३३ मेगाबाइटच देई. पृष्ठचित्रे (टेक्श्चर) कार्डातच मावत असतील तर बसवरून केवळ आज्ञा व त्रिकोणांचे बिंदू जात. गंगापूर धरणाच्या कालव्याला पाणी वाढविले म्हणून, ज्याच्या बांधावर स्वतःची तुडुंब विहीर आहे त्या मळेवाल्याची द्राक्षे काही अधिक येत नाहीत. स्मृती अपुरी पडून पृष्ठचित्रे बाहेरून आणावी लागली, तरच वाढीव वेगाचा काही उपयोग.

२००४ पासून मदरबोर्डांवर आलेल्या पी.सी.आय. एक्सप्रेसचे मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे आहे, आणि सोळा मार्गिकांचा तिचा पहिला अवतारच एका दिशेला सेकंदाला ४ गिगाबाइट वाहून नेई. ज्यांना चित्राचा वेग वाढवायचा असेल त्यांनी कार्डाच्या गाभ्याचा व स्मृतीचा वेग बेताने वाढवावा. बसचा आकडा १०० वर आहे तो तसाच राहू द्यावा, आणि कशालाही हात लावण्यापूर्वी आपल्या कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी, एवढी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.