मातीमोल मातीचे मोल

देवळा तालुक्यात गिरणेच्या काठी लोहोणेर आहे. नावात 'लोह' ऐकू येते, पण जमिनीखाली खणण्याजोगे लोखंड नाही. सगळा दख्खनचा काळा कातळ. या भागात गाळ म्हणजे दौलत. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 साली आली, पण धरणातला गाळ ट्रॅक्टरने ओढून रानात पसरायला इथल्या शेतकऱ्याला योजनेने शिकवावे लागले नव्हते.

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे तालुक्यांत 'गाळ' हाच शब्द शिवीसारखा उच्चारला जातो.

तिथे लोखंडाच्या खाणींचे परवाने पोर्तुगीज सरकारने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच वाटले होते. खणाखणीला खरा जोर चढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानच्या पोलाद भट्ट्या पुन्हा पेटल्यावर. टनभर खनिज हाती यायला अडीच-तीन टन माती बाजूला सारावी लागे. ती टाकायची कुठे? सोय पाहून शेजारच्या उतारावर, बऱ्याचदा थेट व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, डोक्यावर. या कृत्रिम टेकड्यांना गावकरी 'डंप' म्हणू लागले. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात असली मोकळी माती थोपून राहणार तरी कशी! पावसाळ्यात व्हाळ लाल होत, तळाशी गाळ बसे, भाताची खाचरे आणि पोफळीची कुळागरे त्याखाली दबत.

खाणीच्या पाण्याची जगभर गाजलेली भीती आम्लाची असते. अमेरिकेत कोलोराडोतल्या 'गोल्ड किंग' या सोडून दिलेल्या खाणीचे पाणी ऑगस्ट 2015 मध्ये फुटले आणि अ‍ॅनिमस नदी पिवळी-नारिंगी झाली. तिथल्या खडकात गंधकयुक्त खनिजे होती. गोव्याचे लोखंड ऑक्साइडच्या रूपात असल्याने त्यातून तसे आम्ल झरत नाही. इथला शत्रू साधा, लाल, बारीक चिखल. दुसरे दुखणे खड्ड्यांचे: भूजलपातळीच्या खाली खणायचे तर पाणी सतत उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी-झरे आटतात. लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावात खाणींविरुद्धची मुख्य तक्रार हीच होती.

डंप आवरण्याची विद्या मात्र आपल्या बांधबंदिस्तीच्या घरचीच आहे. उताराला पायऱ्या पाडायच्या, पायथ्याला दगडी बांध घालायचा, भोवती चर खणून पाणी आधी तळ्यात निवळू द्यायचे आणि मग व्हाळात सोडायचे. वरून काथ्याची जाळी, गवत, झाडे. सुरुवातीला ऑस्ट्रेलियन बाभळीचा सपाटा लागला. ती भराभर हिरवी दिसते, अहवालातल्या छायाचित्रात शोभते, पण तिच्याखाली स्थानिक झाडोरा फारसा वाढत नाही. साखळीजवळच्या जुन्या खाणीवर सेसा गोवा कंपनीने पुढे काजू लावले आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मासे पाळले. खाण पुन्हा सावरल्याचे उदाहरण म्हणून ती जागा दाखवली जाऊ लागली.

मग चीन आला. आधी कुणी विचारत नव्हते ते हलक्या प्रतीचे खनिजही 2000 नंतर विकले जाऊ लागले आणि जुन्या डंपांतली 'मातीमोल' माती एकाएकी माल झाली. 2010-11 मध्ये गोव्यातून झालेली निर्यात 5 कोटी टनांच्या वर गेली. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. 'गोवा फाउंडेशन' या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर 21 एप्रिल 2014 रोजी निकाल लागला: वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा, पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी, आणि खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर माती टाकणे बेकायदा. नूतनीकरण केलेले 88 खाणपट्टेही पुढे 2018 मध्ये रद्द झाले.

निकालापूर्वीच हद्दीबाहेर उभ्या राहिलेल्या टेकड्या मात्र जागच्या जागी होत्या. त्या उचलून विकायच्या तर वर्षानुवर्षे मुळांनी धरून ठेवलेली माती पुन्हा मोकळी करावी लागते, आणि व्हाळ तर तिथेच, खालच्या अंगाला वाहतो आहे.