घरपट्टी आणि गावाची वेस

पेशवाईतल्या कागदपत्रांत मूळ साऱ्याखेरीज निरनिराळ्या पट्ट्यांची नोंद आढळते. त्यांतला ‘घरपट्टी’ हा शब्द आजही टिकून आहे. गाव शहरात विरघळू लागले की वाद तिथूनच पेटतो. पुण्यालगतची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत गेली. वाढलेला मिळकतकर आणि अपुऱ्या सुविधा यांवरून असंतोष वाढला, आणि २०२४ मध्ये ती वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने आधीच वेगळी वाट धरली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड होत गेलेले हे गाव १९९० च्या सुमारास पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली सावरू लागले. पाणी आले तसा जमिनीला भाव आला. परंतु जमीन बाहेरच्यांना विकायची नाही, असे ग्रामसभेने ठरवले. गाव वाढले ते परतलेल्या कुटुंबांनी.

या निर्णयात मालकाच्या विक्रीस्वातंत्र्याला मुरड पडते, हे नाकारता येत नाही. तरीही पट्टी भरणारा आणि ती खर्च करणारा एकाच सभेत समोरासमोर बसतात, हे त्यामुळेच शक्य झाले. उपनगरांच्या वाढीत ही सभाच आधी हरवते. कराचा बोजा त्यानंतर जाणवू लागतो.