ताऱ्यांना शेपूट का फुटतं? दुर्बिणीचे आरसे असे तपासा

फोकस अचूक, आकाश स्वच्छ, तरी फोटोतले तारे धूमकेतूसारखे दिसतात? न्यूटोनियन दुर्बिणीत असं झालं की पहिला संशय आरशांवर जातो. दोन्ही आरसे एका रेषेत आणणं म्हणजे कोलिमेशन. पण स्क्रूला हात लावण्याआधी फोटो नीट बघा.

दोष नेमका कुठला?
• फक्त कडेच्या ताऱ्यांना बाहेरच्या दिशेने शेपूट: हा कोमा. एफ/५ दुर्बिणीत तो असतोच, त्यासाठी कोमा करेक्टर लागतो.
• सगळे तारे एकाच दिशेने रेघेसारखे: ट्रॅकिंग तपासा.
• मधल्या ताऱ्यालाही शेपूट: कोलिमेशन बिघडलंय.

खात्री कशी करायची?
दुर्बीण अर्धा-एक तास बाहेर निवू द्या. ठळक तारा मधोमध घेऊन फोकस किंचित हलवा. त्याभोवतीची वर्तुळं एका बाजूला सरकलेली दिसली, तर आरसे जुळलेले नाहीत.

जुळवायचे कसे?
आधी लहान आरसा, मग मोठा. लेझर वापरत असाल तर तो फोकसरमध्येच गोल फिरवून बघा. मोठ्या आरशावरचा ठिपकाही गोल फिरला तर लेझरच वाकडा आहे! मोठ्या आरशाचे लॉक स्क्रू सैल करा, जुळणीचा स्क्रू थोडाच फिरवा आणि तारा पुन्हा मधोमध आणून तपासा.

एवढी काटेकोर जुळणी कशाला?
एफ/५ मध्ये कोमामुक्त भागाचा व्यास एफ/८ च्या जेमतेम पाव असतो. म्हणून दुर्बीण गाडीतून नेली असेल, तर पहिला फोटो काढण्याआधीच ही तपासणी करा. नाहीतर रात्रभराचे फोटो वाया जातील.