हिरडा, गंज आणि 'नैसर्गिक' हा शब्द

केळफूल चिरलं की हात आणि विळी काळी पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. लोखंडी कढईतला आवळाही काळा होतो. घरच्या घरी लाकूड रंगवण्याची एक जुनी रीत याच काळ्यावर उभी आहे.

आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर गंजलं लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात आंबवत ठेवतात. आंबट पाण्यात लोखंड उतरतं. हिरड्यातून काढलेल्या कापडावर त्याची रेघ ओढली की काळी उमटते. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांचा हा संयोग. युरोपातली मायफळ आणि हिराकस यांची शाई याच जातीची. लाकडालाही हेच चालतं: हिरड्याच्या काढ्याचे दोन हात द्यायचे, वाळू द्यायचं, मग व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवलेल्या गंजक्या खिळ्यांचं पाणी फिरवायचं. स्टेनलेसची घासणी उपयोगाची नाही. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू धरतो. ओकच्या लाकडात टॅनिन मुळातच भरपूर, त्याला हिरडाही लागत नाही.

हा काळा रंग आला कुठून? सांख्य म्हणतील, कारणात तो होताच. नैयायिक म्हणतील, नव्यानं उपजला. आम्ही हा प्रश्न वर्गात मडक्यावरून शिकवत आलो. हिरड्यावरून शिकवला असता तर मुलं जागी राहिली असती!

पण आमचा खरा मुद्दा 'नैसर्गिक' या शब्दाचा आहे. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन करायला गेला आणि डांबरापासून निघालेल्या द्रव्यातून त्याला जांभळा रंग मिळाला. १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. त्याआधी सुताराला किंवा रंगाऱ्याला 'नैसर्गिक रंग' असं वेगळं म्हणायची गरजच काय होती? कृत्रिम आलं, तेव्हा या शब्दाला अर्थ आला, आणि पुढे त्यालाच निर्धोकपणाचा वास चिकटला.

तो वास खोटा आहे. आपल्या लघुचित्रांतला पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज, आणि हिंगूळ पाऱ्याचं. दोन्ही जमिनीतूनच निघतात. नातवंडाच्या खेळण्याला रंग द्यायचा, तर ते खेळणं तोंडात जाणार हे गृहीत धरूनच विचार करायला हवा. हळद चालेल, पण ती उन्हात उडते. लोखंडाच्या पाण्याची बरणी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

वरून जवसाचं तेल द्यायचं तर कच्चं घ्या. बाजारातल्या 'उकळलेल्या' तेलात लवकर वाळावं म्हणून पुष्कळदा धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापते आणि आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवा, नाहीतर मोकळ्या जागी पसरून वाळवा.