कालव्याच्या काठाने केडगावला

खडकवासल्याच्या धरणापाशी उभे आहात ना? हातातलं भाजलेलं कणीस संपवा, मोबाइल खिशात टाका आणि उजव्या कालव्याच्या काठावर या. आता पाण्याबरोबर चालायचं. हडपसर मागे पडेल, लोणी जाईल, उरुळी जाईल. गाड्यांचे हॉर्न विरत जातील आणि बैलगाडीच्या चाकांची कुरकुर ऐकू येऊ लागेल. यवत ओलांडलं की कालवा सोडा, डावीकडे रुळांच्या दिशेने वळा. कोळशाच्या धुराचा वास आला? मग तुम्ही १९०५ सालात पोचलात. जूनचा शेवट आहे. हवा कोंदट आहे, सदरा पाठीला चिकटतोय. समोर केडगावचं मुक्ती सदन.

आत या. भिंतीपलीकडे एक गावच नांदतंय. कुठे हातमागांची खटखट, कुठे तेलाच्या घाण्याचा उग्र वास, छापखान्यात शाईने काळी झालेली बोटं. चुलींचा धूर डोळ्यांना झोंबेल. पदराला डोळे पुसत बायका भाकऱ्या थापताहेत. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून वाचलेली मुलगी हिंदीत हाक मारते, गुजरातेतून आलेली गुजरातीत उत्तर देते, आणि दोघींचं भांडण मात्र मराठीत होतं. घंटा वाजली की शाळा, घंटा वाजली की काम, घंटा वाजली की जेवण. शेकडो पोरक्या मुली आणि विधवा सांभाळायच्या तर घड्याळ हवंच.

त्या पाहा पंडिता रमाबाई, हे सदन उभारणाऱ्या. पांढरं लुगडं, आखूड केस, चाल झपझप. कानांनी जरा कमी ऐकू येतं, तेव्हा बोलायचं तर जवळ जा. भागवताचे हजारो श्लोक ज्यांना लहानपणी पाठ होते, त्याच या बाई. बाप्तिस्मा घेऊन त्यांना बावीस वर्षं होत आली आहेत. पण धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली, असं त्या स्वतःच मोकळेपणाने सांगतात. म्हणूनच आपल्या मुलींनाही नुसत्या वर्गातल्या धड्यांवर सोडायचं त्यांच्या मनात नाही. जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेला सोबतिणी मागितल्या, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. आता साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा गुडघे टेकतात.

आज रात्री इथेच थांबा. मुलींच्या निजायच्या खोलीबाहेर, ओट्यावर आडवे व्हा. डास चावतील, घोंगडी खुपेल. पहाटे साडेतीनला आत गलका होईल. एक मोठी मुलगी उठून बसली आहे, अंगात आग पेटल्यासारखी रडते आहे, प्रार्थना करते आहे. दुसरी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन येते. ओतणार इतक्यात तिला दिसतं, की कपडे पेटलेले नाहीत, कुठेही जळालेलं नाही. या सगळ्या हकिकतीत मला ही बादलीवालीच सगळ्यांत जवळची वाटते. मैत्रीण जळतेय असं वाटलं आणि ती विचार न करता धावली.

दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगताहेत, नेहमीच्याच शांत आवाजात. तुम्ही मागे भिंतीला टेकून बसा. एकाएकी एक मुलगी मोठ्याने प्रार्थना करू लागते. मग दुसरी, मग सगळ्याच. कुणी गुडघ्यांवर, कुणी हात पसरून उभी, लहान पोरीसुद्धा हुंदके देताहेत. घामाचा, खोबरेल तेलाचा वास, आणि एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. कुणी चोरी कबूल करते, कुणी मनातली अढी. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागतं.

इथे नीट बघा त्यांच्याकडे. एवढी शिस्त स्वतः बसवलेली बाई. घंटा वाजवून सगळ्यांना गप्प करणं त्यांच्या हातात आहे. त्या ती वाजवत नाहीत. पुढे नेहमीचे वर्ग बाजूला राहतात आणि रोज दोन मोठ्या सभा भरतात. रडणं ओसरलं की टाळ्या, गाणी, आनंदाने नाचणं. हे काही चर्चमधलं वागणं नव्हे, अशी कुरकूर बाहेर होते. रमाबाईंचं म्हणणं स्पष्ट आहे: पवित्र आत्मा आमच्या माणसांकडे आला तर आमच्या स्वभावाप्रमाणे येईल, त्याला विलायती वळण लावायचा अधिकार आम्हाला नाही. माझ्या मते त्या जूनमधला खरा पालट हाच. मुलींच्या बरोबरीने मुलींची बाईही बदलायला तयार झाली.

थोडे दिवस राहिलात तर या मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत प्रार्थनेला, शुभवर्तमान सांगायला निघालेल्या दिसतील. त्यांच्या मागून धुळीतून चालून बघा, पाय भाजतील.

आता परत फिरा. येताना कालव्याची गरज नाही, पुणे–दौंड लोहमार्गावर केडगावचं स्टेशन आजही आहे. रमाबाई १९२२ साली गेल्या. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. आणि मुक्ती मिशन अजून चालू आहे. एकदा खरोखरच जाऊन या.