कंचनीचा दिवा आणि कश्चेईचा प्राण

मेहकरात वाढलेल्या प्रत्येक मुलाला कंचनीची गोष्ट ठाऊक असते. कंचनी नर्तकी होती. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा आपल्या महालाच्या माथ्यावरून दिसावा, असा तिने हट्ट धरला. मजल्यावर मजले चढले. देवी कोपली, कंचनीचा दगड झाला आणि महाल अर्धाच राहिला. त्याचे अवशेष गावात आहेत. लहानपणी दिवेलागणीनंतर आम्ही तिकडे फिरकत नसू.

पुढे शाळेची सहल लोणारला गेली आणि मी थक्क झाले. कमळजेचं देऊळ काठावर नाहीच, ते खाली आहे, जवळपास दीडशे मीटर खोल विवराच्या तळाशी, पाण्याच्या कडेला. मेहकरहून वीसेक किलोमीटरवरच्या त्या वाडग्याच्या बुडातला दिवा पाहायचा तर महाल किती उंच लागेल? ही गोष्ट ज्याने पहिल्यांदा सांगितली, त्याने लोणार पाहिलेलं असणार. न होणारी गोष्ट त्याने नेमकी निवडली होती.

त्याच सुमारास मामाने अकोल्याहून रशियन लोककथांचं एक मराठी पुस्तक आणलं. मॉस्कोत छापलेलं, जाड कागदाचं, चार-पाच रुपयांचं. प्रोग्रेस आणि रादुगा या प्रकाशनांची अशी पुस्तकं तेव्हा मराठी घरांत सर्रास यायची. त्यात कोंबडीच्या पायांवर उभ्या झोपडीत राहणारी बाबा यागा होती, आणि न मरणारा कश्चेई होता. त्याचा मृत्यू सुईच्या टोकात. सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडाखाली. मी आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे त आपल्याच राक्षसाचं हाय वं!" तिच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा.

आजीचं म्हणणं किती खरं होतं, ते मला फार उशिरा कळलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने 1868 साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक काढलं. दख्खनच्या दौऱ्यात ॲना लिबराटा डिसोझा या आयाने तिला स्वतःच्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातल्या पंचकिन जादूगाराचा जीव रानात, एकावर एक रचलेल्या पाण्याच्या सहा घागरींखाली, पिंजऱ्यातल्या हिरव्या राघूत आहे. पुढे जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाऊ’मध्ये देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाच्या जगभरच्या कथा गोळा केल्या, तेव्हा कश्चेई आणि पंचकिन एकाच पंगतीला बसले.

कश्चेई आपल्यापर्यंत पोहोचला तो अलेक्सांद्र अफनास्येव या माणसामुळे. 1855 ते 1863 या काळात त्याने सुमारे सहाशे रशियन लोककथा छापल्या. तो स्वतः गावोगाव फारसा हिंडला नाही. भूगोल संस्थेच्या दप्तरात लोकांनी लिहून पाठवलेल्या कथा पडून होत्या, कोशकार दाल याने आपला साठा देऊन टाकला, आणि अफनास्येवने सगळं निगुतीनं लावलं. या माणसाची दफ्तरखान्यातली नोकरी गेली, ग्रंथसंग्रह विकावा लागला आणि 1871 साली पंचेचाळिशीतच तो क्षयाने गेला. मला त्याच्याबद्दल फार माया वाटते. इव्हान बिलिबिनची चित्रं आणि आजच्या कित्येक अद्भुत कादंबऱ्या त्याच्याच ओसरीवरून निघाल्या. पोलंडमध्येही असंच घडलं. शवपेटीतून उठणाऱ्या राजकन्येची, स्त्शिगाची, तिथली लोककथा आंजेय सापकोव्स्कीने हाती घेतली आणि 1986 साली ‘फांतास्तिका’ मासिकात ‘विचर’ मालिकेतली पहिली कथा आली. त्यावरचे व्हिडिओ गेम आज मेहकरातली पोरं मोबाइलवर बघतात.

त्याच 1986 साली मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांना ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ना. घ. म्हटलं की लोकांना ‘शीळ’ ही कविता आठवते. पण गावातल्या या पडक्या महालाकडे कवीच्या नजरेने पाहिलं तेही त्यांनीच. ‘कंचनीचा महाल’ ही त्यांची दीर्घ कविता आहे. स्लाव्ह लेखकांनी बाबा यागाचं जे केलं, ते मेहकरात वकिली करणाऱ्या ना. घं.नी एकट्याने कंचनीचं केलं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे.

एक कंचनी झाली, बाकीचे अजून वाट पाहत आहेत. शारंगधर बालाजीने मारलेला मेघंकर राक्षस, ज्याच्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. लोणारचा लवणासुर. 1888 साली जमिनीतून वर आलेली बालाजीची मूर्ती, आणि तिच्याभोवती प्रत्येक घरात वेगळी सांगितली जाणारी हकिगत.

निवृत्तीनंतर मी एक शंभर पानी वही घातली आहे. ज्या म्हाताऱ्या बाईकडे जाते, तिला कंचनी विचारते. एकीच्या गोष्टीत कंचनी गर्विष्ठ आहे, दुसरीच्या गोष्टीत ती देवीची भक्त आहे आणि तिला घरबसल्या दर्शन हवं आहे. परवा एकीने सांगितलं, की दगड झालेल्या कंचनीचे डोळे तेवढे जिवंत राहिले आणि अमावास्येला ते लोणारकडे वळतात. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तिचेच शब्द तिच्याच बोलीत उतरवून घेतले, आणि खाली तारीख घातली.