कलावंताचे छप्पर कोणाचे?



कलेच्या इतिहासात आश्रयदात्यांची नावे येतात, कलाकृतींची वर्षे येतात; पण ती कृती कोणत्या खोलीत झाली आणि त्या खोलीचे भाडे कोणी भरले, हे सहसा येत नाही. कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला मात्र हाच प्रश्न आधी सुचतो. विणकराला मागाइतकीच मागाखालची जमीन लागते. चित्रकाराला उजेडाची भिंत लागते, नर्तकाला पाय आपटता येईल अशी फरशी लागते. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसे झोपतात, तेथे यांपैकी काहीच मिळत नाही. अण्णा भाऊ साठे यांनी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून कादंबऱ्या लिहिल्या, असे यावर कोणी सांगेल. खरे आहे. पण लेखणी गुडघ्यावरच्या कागदावर चालते. सहा फुटी चित्र गुडघ्यावर रंगविता येत नाही. आणि अण्णा भाऊंनी सोसले, म्हणून पुढच्यानेही सोसावे, हा न्याय गिरणीमालकांचा झाला, आपला नव्हे.

कलावंताला अशी जागा देण्याचे जे प्रयत्न आपल्या देशात झाले, त्यांपैकी चारांचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

पहिला प्रयत्न अंधेरीचा. २५ मे १९४३ रोजी मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे ‘इप्टा’, स्थापन झाली. बंगालमध्ये त्या वर्षी दुष्काळाने लाखो माणसे मेली, आणि दुष्काळनिधीसाठी गाणारी-नाचणारी पथके देशभर हिंडू लागली. त्यांतून १९४४ मध्ये मध्यवर्ती पथक उभे राहिले. पथकातील कलावंत अंधेरीच्या एका घरात एकत्र राहत, एकाच पंक्तीला जेवत आणि दिवसभर तालीम करीत. नृत्ये शांति बर्धन बसवीत. ते उदयशंकरांच्या अलमोड्याच्या केंद्रातून आलेले. ते केंद्र त्याच १९४४ साली पैशाअभावी बंद पडले होते. १९४५ मध्ये रविशंकर संगीतासाठी येथे आले, आणि इक्बालच्या प्रसिद्ध तराण्याला आज सर्वांच्या ओठांवर असलेली चाल त्यांनी याच काळात दिली. या घराच्या पाठीशी कम्युनिस्ट पक्ष होता. पक्षाचे धोरण बदलत गेले तसा आदेशांचा काच वाढला. १९४६ मध्ये रविशंकर बाहेर पडले आणि लवकरच पथकही मोडले. कामगार चळवळीने कलावंताला घर दिले, याचा मला अभिमान वाटतो. पण चूल ज्याची त्याचाच शब्द चालणार, हे त्या घरातही खरे ठरले.

दुसरा प्रयत्न वॉर्डन रोडचा. १९४५-४६ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा बचाव करणारे बॅरिस्टरी तोलाचे वकील भुलाभाई देसाई १९४६ मध्ये वारले. समुद्राकाठच्या त्यांच्या बंगल्यात पुढे भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट सुरू झाली. स्नुषा मधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला हे दोघे ती पाहत. अगदी नाममात्र भाड्यात येथे कलावंतांना खोल्या मिळत. सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले हुसेन येथे काम करीत. गिरगावच्या चाळीतून आलेले वासुदेव गायतोंडे येथे चित्रे काढीत. इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिटच्या तालमी येथे होत, आणि अंधेरीचे तेच रविशंकर १९६२ नंतर ‘किन्नर’ ही आपली संगीतशाळा येथे चालवीत. चित्रकाराच्या दारातून सतारीचा सूर जावा आणि नटाने येता-जाता ओले चित्र पाहावे, असा शेजार मुंबईत पुन्हा क्वचितच जमला. येथे कोणाचा आदेश नव्हता. पण बंगला एका घराण्याचा होता, आणि कलावंताचा हक्क मालकाच्या औदार्याएवढाच होता. पुढे जमिनीचे मोल वाढले, संस्था मिटली, बंगला गेला आणि त्या जागी उंच इमारत उभी राहिली. औदार्य खोटे नव्हते. ते कागदावर नव्हते, एवढेच.

तिसरा प्रयत्न आपल्या मराठी रंगभूमीचा. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेली ‘आविष्कार’ १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आली. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. बिनरंगमंचाच्या त्या साध्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची एक चळवळच उभी राहिली, आणि शाळेचे नाव चळवळीचे नाव झाले. नव्वदीच्या दशकात ते सभागृह सुटले. संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि तेथे काम चालू राहिले. शाळेची रिकामी संध्याकाळ एका पिढीला नाटक शिकवू शकते, हे यातून सिद्ध झाले. भाडेकरूला केव्हाही निघावे लागते, हेही सिद्ध झाले.

चौथा प्रयत्न मद्रासचा. तेथील सरकारी कलाशाळेचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांच्यापुढे प्रश्न होता तो हा, की शिकून बाहेर पडलेली मुले जगणार कशावर? चित्रे तर विकली जात नाहीत. तेव्हा या मंडळींनी बाटिकसारख्या हस्तव्यवसायाच्या वस्तू करून विकल्या, त्या पैशातून शहराबाहेर समुद्राकाठी इंजंबाक्कम येथे काही एकर जमीन घेतली, आणि १९६६ मध्ये चोळमंडल हे कलावंतांचे गाव वसविले. दिवसाचा काही वेळ विक्रीच्या वस्तूंसाठी, बाकीचा आपल्या चित्रासाठी किंवा शिल्पासाठी. घरे, कार्यशाळा, उघड्यावरचे नाट्यगृह सर्व हळूहळू उभे राहिले. पणिक्कर १९७७ मध्ये गेले. गाव राहिले, आणि २००९ मध्ये तेथे संग्रहालयही उघडले.

आता हिशेब पाहा. अंधेरीत पक्ष होता, वॉर्डन रोडला दाता होता, दादरला यजमान शाळा होती. तिन्ही ठिकाणी थोर काम झाले, आणि तिन्ही ठिकाणांहून कलावंताला उठावे लागले. चोळमंडलात दाता नव्हता. जमीन काम करणाऱ्यांची होती, आणि म्हणून संस्थापकाच्या पश्चातही कोणी त्यांना उठविले नाही. यात कलावंतांच्या गुणांचा संबंध नाही. सारा फरक मालकीचा आहे.

प्रत्येक गावाला चोळमंडल वसविता येणार नाही, हे मी जाणतो. जमिनीचे आजचे भाव सर्वांना ठाऊक आहेत. पण आपल्या नगरपालिकांच्या ताब्यात पट कमी झाल्याने बंद पडलेल्या शाळाखोल्या असतात. त्यांतील दोन-चार खोल्या गावच्याच चित्रकारांना, भजनी मंडळांना, नाटकमंडळींना देता येतील. मात्र त्या मेहरबानीने देऊ नयेत. लेखी करार असावा. मुदत ठरलेली, भाडे ठरलेले, उठवावयाचे तर किती महिन्यांची सूचना हेही ठरलेले. निवड करणाऱ्या समितीत कलावंतांचेच प्रतिनिधी असावेत. आणि कलावंतांनीही महिन्यातून एक दिवस दार उघडे ठेवून, ज्यांच्या करातून ते छप्पर आले त्या नागरिकांना आत बोलवावे.

नगरपालिकेचे अंदाजपत्रक दर वर्षी मांडले जाते, आणि आपण दिवाबत्ती, पाणी, गटारे यांच्यासाठी योग्यच भांडतो. पुढच्या खेपेस त्या यादीत या दोन खोल्यांची एक ओळ घालावी, आणि ती मंजूर होईपर्यंत तेथून उठू नये, एवढेच माझे आपणांस सांगणे आहे.